चित्रगुप्ताची वही आणि यजमानाचा धर्म

चित्रगुप्ताशी आपली ओळख बहुधा लहानपणीच होते. यमाच्या दरबारात बसून प्रत्येकाचे बरे-वाईट कर्म वहीत टिपून ठेवणारा हा कारकून. दुपारी घरातले सगळे झोपलेले असताना लाडवाच्या डब्याला हात लावला, तरी त्याच्या वहीत नोंद होणारच, असे आपल्याला मोठ्यांनी बजावलेले असते. त्या वहीचा धाक सर्वांनाच वाटतो. पण चित्रगुप्ताचा कुणी राग केल्याचे ऐकिवात नाही.

असे का असावे? मला तीन कारणे दिसतात. पहिले म्हणजे, तो लिहितो हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात लपवाछपवी नाही. दुसरे, त्याला स्वतःसाठी आपल्याकडून काहीही नको आहे. आणि तिसरे, त्याची वही एकाच दरबारात आणि एकाच कामासाठी उघडली जाते. तिथली पाने फाडून तो बाजारात नेत नाही. उघडपणा, निःस्पृहता आणि मर्यादा या तीन गुणांमुळे त्याची वही आपल्याला न्याय्य वाटते.

आज आपल्या प्रत्येकाच्या मागे एक नव्हे, शेकडो चित्रगुप्त लागलेले आहेत. संगणकावर किंवा फोनवर कुठलीही वेबसाइट उघडा, पलीकडे कुठेतरी एक ओळ लिहिली जाते. या नव्या चित्रगुप्तांमध्ये वरचे तीन गुण आहेत का? आणि आपल्याकडे येणाऱ्या माणसाची नोंद त्याला न कळवता ठेवणे, त्याचे काही नुकसान होत नसले तरीही, योग्य आहे का? आपल्या मंदिराच्या वेबसाइटच्या कामात गेली काही वर्षे मी मदत करतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

प्रथम हे काम चालते कसे, ते थोडक्यात सांगतो. वेबसाइट ज्या यंत्रावर ठेवलेली असते त्याला सर्व्हर म्हणतात. तुम्ही एखादे पान मागितले की सर्व्हर ते देतो आणि आपल्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, एक ओळ लिहितो. कुठल्या आयपी पत्त्यावरून मागणी आली, किती वाजता, कोणते पान हवे होते, ते मिळाले की नाही, किती मोठे होते, मागणाऱ्याचा ब्राउझर कोणता, आणि तो कुठल्या पानावरून इकडे वळला. या शेवटच्या रकान्याची एक गंमत आहे. १९९६ साली हे नियम ज्या दस्तऐवजात छापले गेले, त्यात 'रेफरर' या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमधला एक 'आर' गळला आणि आजतागायत जगभरचे सर्व्हर तसेच चुकीचे लिहीत आहेत. नव्या चित्रगुप्ताचे शुद्धलेखन कच्चे आहे, पण चिकाटी मात्र जुन्याइतकीच!

ही वही मुळात निरुपद्रवी आहे, किंबहुना आवश्यक आहे. गणेश चतुर्थीच्या सकाळी आरतीची वेळ आणि पार्किंगची सोय पाहायला एकदम झुंबड उडते, तेव्हा साइट का अडखळली हे लॉगवरूनच कळते. कुणी पासवर्ड फोडण्याचा प्रयत्न करीत असेल, तर तेही तिथेच दिसते. १९९० च्या दशकात या ओळी मोजून तक्ते काढून देणारे छोटे प्रोग्रॅम निघाले. किती लोक आले, कोणते पान जास्त पाहिले गेले, एवढेच ते सांगत. देवळाच्या दारातल्या चपला मोजून आज गर्दी किती होती याचा अंदाज बांधावा, तसा हा प्रकार.

पुढे चित्र बदलले. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली या तरुण अभियंत्याने कुकी नावाची युक्ती काढली होती. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाची ओळख दुकानाला राहावी, ही त्यामागची साधी गरज. २००५ साली गूगलने अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गूगल ॲनालिटिक्स ही सेवा फुकट देऊ केली. आता वेबसाइटच्या पानात एक लहानसा प्रोग्रॅम बसवला की पुरे. तो पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये चालतो आणि सगळी खबर परस्पर तिसऱ्याच कंपनीकडे पोहोचवतो. चपला मोजणे मागे पडले. कोण, कुठून, किती वेळ, पुन्हा कधी, सगळेच टिपले जाऊ लागले.

तरी या पद्धतीत एक गोष्ट बरी होती. खबर पाहुण्याच्या स्वतःच्या यंत्रातून बाहेर जात होती, म्हणून त्याला ती दिसू शकत होती आणि अडवताही येत होती. लोकांनी अडवणारे प्रोग्रॅम बसवले. ॲपलच्या सफारीने २०१७ पासून आणि फायरफॉक्सने २०१९ पासून अशा खबरींना आपणहून आळा घालायला सुरुवात केली. मग त्यावर तोड निघाली. खबर पाहुण्याच्या यंत्रातून न पाठवता वेबसाइटच्या सर्व्हरवरूनच पाठवायची. गूगलने अशी सोय २०२० साली देऊ केली. फेसबुकचीही तशीच व्यवस्था आहे. या पद्धतीचे सगळेच उपयोग वाईट नाहीत. सर्व्हरवर माहिती गाळून, नको असलेला भाग काढून टाकूनही पुढे पाठवता येते. पण गाळायचे की नाही, हे सर्वस्वी यजमानाच्या मर्जीवर.

नैतिक प्रश्नाचे खरे मूळ मला इथे दिसते. समजा, तुमच्या घरी पाहुणा आला. त्याच्या खिशात कुणी चोरून चिठ्ठी ठेवली, तर तो खिसा चाचपून ती काढून टाकू शकतो. पण तो दिवाणखान्यात चहा पीत असताना यजमानच स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने शेजारच्या दुकानदाराला सांगत असेल, की आज अमुक आले आहेत, त्यांनी तमुक विचारले, तर पाहुण्याने करावे काय? त्याच्या हातात काही उरत नाही. आतापर्यंत स्वतःला जपण्याचे काम थोडेफार तरी पाहुण्याकडे होते. आता ते पूर्णपणे यजमानाकडे आले. जिथे समोरचा स्वतःचे रक्षण करू शकत नाही, तिथे आपली जबाबदारी वाढते. हे एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. बाकीचे सगळे त्याचे स्पष्टीकरण.

आपल्या परंपरेत या जबाबदारीला जुने नाव आहे: आतिथ्य. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, असा त्या शब्दाचा अर्थ सांगतात. न कळवता येणारा आणि केव्हाही येणारा. वेबसाइट पाहणाऱ्याला याहून चपखल शब्द सापडायचा नाही! आणि अशा अतिथीला अन्न वाढण्याआधी त्याचे गोत्र विचारू नये, असे आपले धर्मशास्त्र सांगते. म्हणजे आदरातिथ्य आधी; चौकशी करायचीच तर नंतर आणि त्याच्या राजीखुशीने. आपण त्याच्या बरोबर उलट करायला निघालो आहोत. तो दार ढकलण्याच्या आधीच त्याची तिथी, वेळ आणि ठिकाण टिपून मोकळे होतो.

यावर कुणी म्हणेल, "पूजेला बसल्यावर संकल्पात आपण नाव-गोत्र मोठ्याने सांगतोच की! गुरुजींना नक्षत्र सांगतो, देणगीच्या पावतीवर पत्ता लिहितो. मग लपवायचे काय?" मुद्दा बिनतोड वाटतो, पण संकल्पात मी स्वतः सांगतो. कुणाला सांगतो आणि कशासाठी, हे मला ठाऊक असते. स्वतः सांगणे आणि परस्पर टिपले जाणे यांत फरक आहे, तो दान आणि चोरी यांच्यातल्या फरकासारखा. दोन्हींत वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते, पण दोन्हींना आपण एक नाव देत नाही.

दुसरा युक्तिवाद नेहमीचाच: "कर नाही त्याला डर कशाला?" ही म्हण गुन्ह्यापुरती ठीक आहे. पण माणूस काय फक्त गुन्हेच लपवतो? दुखणे, पैशाची ओढाताण, मूल होत नसल्याची खंत, मोडू घातलेला संसार, यांत गुन्हा कुठलाच नाही. तरी ते चारचौघांत सांगायचे नसते. मंदिराच्या वेबसाइटवर लोक काय शोधतात? कुणी महामृत्युंजय जपाची माहिती वाचतो, कुणी संतानगोपाळ पूजेची, कुणी श्राद्धाची, कुणी अंत्येष्टीची. नाव न घालताही या पानांची यादी एखाद्या घराची सगळी कथा सांगून जाते.

आणि नाव नसले तरी नाव शोधता येते, हेही आता सिद्ध झालेले आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये एओएल कंपनीने संशोधकांसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांनी केलेले शोध जाहीर केले. नावांच्या जागी फक्त आकडे होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदारांनी त्यांतल्या एका आकड्यामागच्या बाई काही दिवसांतच शोधून काढल्या. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांतूनच त्यांचे गाव आणि आडनाव उलगडले. २०२२ साली 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेने अमेरिकेतली नामांकित शंभर रुग्णालये तपासली. त्यांपैकी ३३ रुग्णालयांच्या वेबसाइटवर फेसबुकला खबर देणारा प्रोग्रॅम आढळला. २०२३ साली औषधांच्या सवलतीची कूपने देणाऱ्या गुडआरएक्स कंपनीवर, ग्राहकांच्या आरोग्याची माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याबद्दल, संघराज्याच्या व्यापार आयोगाने कारवाई केली. कंपनीने पंधरा लाख डॉलर्स दंड भरण्याचे मान्य केले. आणि श्रद्धेचेच उदाहरण हवे असेल, तर २०२० च्या नोव्हेंबरात पत्रकारांनी एक प्रकार उजेडात आणला. नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या एका लोकप्रिय ॲपकडून लोकांच्या ठावठिकाण्याची माहिती एका दलाल कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराशी संबंधित कंत्राटदार होते. बातमी आल्यावर त्या ॲपने संबंध तोडल्याचे जाहीर केले. पण प्रार्थनेची वेळ पाहायला फोन हातात घेणाऱ्यांना यातले काय ठाऊक असणार? आज ती वेळ त्यांच्यावर आली, उद्या आपल्यावर येणार नाही असे थोडेच आहे!

कायदा याबाबत काही सांगतो, पण सगळे सांगत नाही. युरोपात २०१८ पासून लागू झालेला कायदा धर्मश्रद्धेला विशेष जपण्याची बाब मानतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. अमेरिकेत मात्र देशभर लागू होणारा एकच सर्वसमावेशक कायदा नाही. कॅलिफोर्नियाचा २०२० साली लागू झालेला कायदा कडक समजला जातो. पण तोही ना-नफा संस्थांना साधारणपणे लागू होत नाही. म्हणजे आपल्यासारख्या मंदिराला कायद्याचा फारसा अडसर नाही. जिथे कायदा थांबतो तिथूनच धर्माचे काम सुरू होते, असे मला वाटते.

इथपर्यंतचे सगळे तसे सोपे होते. माहिती विकू नये यावर बहुतेकांचे एकमत होईल. पण भले करण्यासाठी माहिती पाहावी की नाही? अशी एक वेळ आमच्यापुढे आली होती, ती सांगतो. साइट रात्री मंद का होते हे शोधताना आमच्या एका स्वयंसेवकाला लॉगमध्ये दिसले, की अंत्येष्टी आणि दिवसकार्याचे पान एकाच पत्त्यावरून रोज रात्री दोन-तीनच्या सुमारास उघडले जात आहे. आठवडा उलटला तरी ते थांबले नव्हते. समितीतल्या एका ज्येष्ठ काकूंनी ते ऐकले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या म्हणाल्या, "अहो, कुणाच्या तरी घरी माणूस जायच्या वाटेवर आहे. इथे परदेशात त्यांना विचारायला कोण आहे? शोधून काढा आणि फोन करू या आपण." शोधणे अशक्य नव्हते. त्याच पत्त्यावरून कुणी कधी देणगीसाठी लॉगिन केले असेल, तर नाव पाच मिनिटांत समोर आले असते.

काकूंचे म्हणणे खोडून काढणे सोपे नव्हते. आपल्यापैकी ज्यांनी इथे आई-वडिलांचे किंवा जोडीदाराचे शेवटचे दिवस काढले आहेत, त्यांना ठाऊक आहे की भारतातल्यासारखी आळी इथे धावून येत नाही. फ्युनरल होमशी काय बोलायचे, गुरुजी कोण येतील, अस्थींचे काय करायचे, सगळे एकट्याने शोधावे लागते. तरीही मी शोधण्याच्या विरुद्ध बोललो. माझे म्हणणे असे होते, की ही व्यक्ती रात्री दोन वाजता आली आहे, कारण त्या वेळी तिला कुणी काही विचारत नाही. जे ती अजून घरातल्यांपाशीही उच्चारू शकलेली नाही, ते ती त्या पानापाशी घेऊन आली आहे. आपण फोन केला तर आपला कळवळा पोहोचेल, पण त्याबरोबर "आम्ही तुम्हाला पाहिले" हेही पोहोचेल. त्यानंतर ते पान तिच्यासाठी एकांताची जागा राहणार नाही. आणि ही गोष्ट षटकर्णी झाली, तर इतर कुणासाठीही राहणार नाही.

चर्चा बराच वेळ चालली. शेवटी आम्ही त्या पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत गुरुजींचा आणि दोन स्वयंसेवकांचा फोन नंबर घातला. खाली लिहिले: "रात्री-अपरात्री केव्हाही फोन करावा. नाव सांगण्याची आवश्यकता नाही." ही ओळ काकूंनीच सुचवली. पुढे फोन येत राहिले, अजूनही येतात. त्यांत ती व्यक्ती होती का, हे आम्हाला ठाऊक नाही. कदाचित तिने कधीच फोन केला नसेल आणि सगळे एकटीनेच निभावले असेल. ही या निर्णयाची किंमत आहे आणि ती खरी आहे, हे मी नाकारत नाही. पण खिडकीतून डोकावून मदत करण्यापेक्षा दार उघडे ठेवून वाट पाहणे मला अधिक योग्य वाटते.

मुंडकोपनिषदात एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचा दृष्टांत आहे. एक पक्षी झाडाची फळे खातो; दुसरा काही न खाता नुसता पाहत असतो. तो दुसरा म्हणजे साक्षी. त्याचे पाहणे आपल्याला आश्वासक वाटते, कारण त्याला फळात रस नाही. याउलट कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत तापसाच्या वेशातला हेरही येतो. तोही शांत बसून पाहतच असतो! बाहेरून दोघे सारखे दिसतील. फरक एवढाच, की एकाला पाहून काही मिळवायचे नसते आणि दुसऱ्याचे पाहणे कुणाच्या तरी कामासाठी असते. राज्याच्या रक्षणासाठी हेर लागतात. बहिर्जी नाईकांशिवाय शिवरायांचे राज्य उभे राहणे कठीण होते. पण ते हेर शत्रूवर होते. देवळाच्या दारात येणारा माणूस आपला शत्रू नाही आणि गिऱ्हाईकही नाही.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने अशीच एक कथा सांगितली आहे. गायजीस नावाच्या मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते. आपल्याला कुणी पाहत नाही हे कळल्यावर माणूस सरळ वागेल का, असा प्लेटोचा प्रश्न. आज ती अंगठी पाहणाऱ्याच्या बोटात आहे. पाहुणा उजेडात आणि यजमान अंधारात. म्हणून कसोटी लागते ती यजमानाची.

या सगळ्या चर्चेतून समितीने चार साध्या गोष्टी ठरवल्या. पाने किती वेळा उघडली गेली ते मोजायचे, पण माणसे ओळखायची नाहीत. म्हणून आयपी पत्त्याचा शेवटचा भाग साठवण्यापूर्वीच पुसायचा. संरक्षणासाठी लागणारा मूळ लॉग तीस दिवसांनी नष्ट करायचा. कोणत्याही जाहिरात कंपनीला मागच्या दाराने काहीही पाठवायचे नाही. आणि आपण काय टिपतो, ते सोप्या मराठीत आणि इंग्रजीत वेबसाइटवर लिहायचे. चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जे दारावरच्या पाटीवर लिहायला संकोच वाटतो, ते आतही करू नये. ही कसोटी वापरायला संगणकाचे ज्ञान लागत नाही. तुमच्यापैकी अनेकांचे व्यवसाय आहेत, दवाखाने आहेत, मुलांच्या शाळा आणि क्लासेस आहेत. तुमच्या वेबसाइटच्या मागच्या दाराने काय बाहेर जाते, हे वेबसाइट बनवणाऱ्याला एकदा अवश्य विचारा.

गणेशोत्सवाच्या या अंकात शेवट गणरायाच्याच कथेने करणे उचित होईल. व्यासांना महाभारत लिहून घ्यायचे होते आणि लेखनिक म्हणून गणपती आला. त्याने अट घातली, की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ समजल्याखेरीज एकही अक्षर लिहायचे नाही. आजच्या सर्व्हरने गणपतीची अट तंतोतंत पाळली आहे. त्याची लेखणी क्षणभरही थांबत नाही. व्यासांची अट मात्र त्याला पाळता येत नाही, कारण समजून घेणे यंत्राचे काम नव्हे. एकेका ओळीमागे कुणीतरी जागे आहे, कुणीतरी काळजीत आहे, कुणीतरी पहिल्यांदाच देवाकडे वळले आहे, हे समजून मग काय लिहावे आणि काय पुसावे ते ठरवणे आपल्याच वाट्याला येते. तेवढी सद्बुद्धी तो बुद्धिदाता आपणा सर्वांना देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!